टिटिकाका

ज्या गृहस्थाच्या घरी पाहुण्यांचा राबता मोठा आणि फराळाच्या डब्यांतील शिल्लक लहान असते, त्याच्या घरी तल्लख स्मरणशक्तीचे मूल जन्माला येणे ही त्या गृहस्थावर ईश्वराची कृपा आणि त्या मुलाचे पूर्वजन्मीचे पातक असते, असे माझे अनुभवांती मत झालेले आहे. आमच्या घरी आधी चहा येई, मग पोहे येत, आणि पोह्यांची दुसरी खेप मागावी की काय असा विचार पाहुण्याच्या मुद्रेवर उमटू लागला की नेमक्या त्याच क्षणी मला आतून पाचारण होई.

"बाळ, जरा बाहेर ये. रावसाहेबांना जगाच्या राजधान्या म्हणून दाखव पाहू."

मी विजारीची नाडी आवळून, हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभा राही आणि 'अफगाणिस्तान, काबूल' येथून वर्णानुक्रमे प्रस्थान ठेवी. देवनागरीतला शेवटचा मुक्काम 'होंडुरास, तेगुसिगाल्पा' हा असल्यामुळे तेथपर्यंत पोचेतो पोहे निवलेले असत, पाहुण्याची भूक मेलेली असे आणि तो चपला शोधू लागलेला असे. "मोठेपणी कलेक्टर होणार!" असा शेरा मारून तो जिना उतरला की तात्या माझ्या पाठीवरून हात फिरवीत, आणि आई उरलेले पोहे झाकून ठेवी. त्या काळी आमच्या घरात माझ्याइतकी काटकसर दुसऱ्या कोणीही केलेली नाही.

तात्या कऱ्हाडच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. कचेरीतल्या निकामी मालाच्या लिलावात लाकडी खुर्चीबरोबर जगाचा एक भिंतीवरचा नकाशा त्यांच्या पदरी पडला होता, आणि खुर्चीचा पाय लवकरच मोडल्यामुळे पैसे वसूल करण्याची सर्व जबाबदारी नकाशावर, म्हणजे पर्यायाने माझ्यावर, येऊन पडली. नकाशा साम्राज्याच्या भरभराटीच्या काळातला असल्याने त्यात गुलाबी रंगाची नुसती रेलचेल होती. ग्रीनलंड हे बेट आफ्रिका खंडाएवढे थोर दिसत असे; वस्तुतः त्यासारखी चौदा ग्रीनलंडे आफ्रिकेत मावतील, हे मला फार पुढे कळले आणि त्या बेटाविषयीचा माझा आदर एकदम उतरला. कॅनडाचा वायव्य भाग वाळवीने खाल्ला होता. न्यूझीलंड फडताळाच्या मागे गेले होते. ब्राझीलवर पावसाळ्यात भिंतीची ओल येई, आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यात वर्षभर पाऊस पडतो हे वाक्य मला पाठ करावेच लागले नाही. पाहुण्यांपैकी कोणी कॅनडाच्या नद्यांविषयी पृच्छा केली की मी घसा खाकरून तहान लागल्याचे निमित्त करीत असे. माझ्या ज्ञानाच्या सीमा अशा रीतीने वाळवीने आखून दिलेल्या होत्या.

पाठांतराची वेळ दिवेलागणीची. परवचा म्हणायला बसलो की पाढे, तिथी, नक्षत्रे आणि रामरक्षा यांच्या पाठोपाठ त्याच चालीवर, त्याच डोलण्यासह, मी ज्वालामुखी आणि सरोवरे म्हणून टाकी. आजीला ऐकू कमी येत असल्यामुळे तिने या सर्व प्रकाराला स्तोत्रांतच जमा धरले होते. 'चिंबोराझो, कोटोपाक्सी, पोपोकातेपेत्ल' असा उच्चार झाला की ती माळ कपाळाला लावून हात जोडी. एकदा तिने माझ्या आईला विचारले, "अगं, हा पोपो कुठल्या कल्पातला?" मेक्सिकोतला, असे आईने सांगितल्यावर "असेल बाई, तिथंही कोणी तरी असेलच की," असे म्हणून तिने पुन्हा हात जोडले. पुढे धाकटी बहीण रात्री दचकून उठू लागली तेव्हा तिच्या उशाशी बसून 'अदिस अबाबा, अदिस अबाबा' असे पुटपुटताना मी आजीला प्रत्यक्ष ऐकले आहे, आणि सांगायला आनंद वाटतो की बहिणीला गुण आला.

परंतु या विद्येचे खरे मर्म पाठांतरात नसून श्रोत्यांत होते. पाहुणा मला प्रश्न विचारी, "सांग पाहू, मंगोलियाची राजधानी?" हा प्रश्न त्याने विचारण्याचे कारण एवढेच असे की मंगोलियाची राजधानी त्याला स्वतःला ठाऊक नसे. मी 'उलान बातोर' म्हणून सांगे. ते खरे की खोटे हे न कळल्यामुळे पाहुणा तात्यांकडे पाही. तात्यांनाही ते ठाऊक नसे. पण बाप या नात्याने ते गंभीरपणे मान डोलावीत. ती डोललेली मान पाहून पाहुणा "वा!" म्हणे, आणि पाहुण्याचा तो 'वा' ऐकून तात्यांची खात्री पटे की उत्तर बरोबर असले पाहिजे. या कारभारात कोलंबियाची राजधानी कोरेगाव आहे असे मी बेधडक सांगितले असते तरी कोणाची हरकत येण्याचा संभव नव्हता. तसे मी कधी केले नाही, याचे श्रेय माझ्या सचोटीला देण्याचा मोह होतो. पण खोटे बोलण्यासाठी जी थोडीशी कल्पनाशक्ती लागते ती केवळ पाठांतरावर वाढलेल्या माणसाजवळ नसते, हेच त्याचे खरे कारण.

उत्तर ठाऊक असलेला पाहुणा हा प्रकार क्वचितच येई, आणि तो आला की अनर्थ होई. आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिरस्तेदार होते. त्यांचे भूगोलाचे शिक्षण पहिल्या महायुद्धाच्या अगोदर संपलेले होते आणि त्यानंतर जगात झालेला कोणताही फेरफार त्यांच्या समोर रीतसर मंजुरीसाठी आलेला नव्हता. त्यांनी तुर्कस्तानची राजधानी विचारली. मी अंकारा म्हणून सांगितले.

"कॉन्स्टँटिनोपल," शिरस्तेदार म्हणाले.

"1923 पासून अंकारा आहे," मी म्हणालो.

"कोणाच्या हुकमाने?"

"केमाल पाशाच्या."

"त्या हुकमाची नक्कल आहे का?"

नक्कल माझ्याजवळ नव्हती. "वडीलधाऱ्यांशी हुज्जत घालतोस?" असे म्हणून तात्यांनी माझा कान धरला, आणि शिरस्तेदार जेवून, विडा खाऊन, वामकुक्षी आटोपून परत जाईपर्यंत आमच्या घरापुरती तुर्कस्तानची राजधानी पूर्ववत कॉन्स्टँटिनोपल येथेच ठेवण्यात आली. संध्याकाळी ते गेल्यावर तात्यांनी मला हळूच विचारले, "नक्की अंकाराच ना रे?"

याच शिरस्तेदारांनी पुढे बेचुआनालँडच्या प्रकरणात मला अधिकच पेचात आणले. या मुलखाचा कारभार त्या काळी माफेकिंग गावातून चालत असे आणि माफेकिंग हे त्या मुलखाच्या हद्दीबाहेर, दक्षिण आफ्रिकेत होते. जगाच्या पाठीवरची ही एक अस्सल विचित्र गोष्ट असून पुढे 1965 साली गॅबेरोन्स येथे नवी राजधानी थाटण्यात आली तेव्हाच ती दूर झाली. पण ज्यांची सारी हयात हद्दीच्या खुणा तपासण्यात गेली, त्या माणसाला मी हे सांगायला नको होते. "कचेरी हद्दीबाहेर? मग रयतेने अर्ज द्यायचे कोठे? सारा भरायचा कोठे? तलाठ्याची तपासणी करायला परमुलखातून साहेब यायचा, तर त्याचा प्रवासभत्ता कोणत्या सदरी पडायचा?" असे ते कडाडले. अर्धा तास ते आणि तात्या मिळून बेचुआनालँडच्या महसुली कारभाराची घडी बसवीत होते. त्या देशाला एवढी आस्था त्याच्या राज्यकर्त्यांनी तरी दाखविली होती की नाही, याची शंका आहे.

एव्हरेस्ट शिखराने तर आमच्या घरात भाऊबंदकीच माजविली. तात्यांच्या वेळच्या पुस्तकात त्याची उंची 29,002 फूट होती. मोजणीच्या मूळ आकडेमोडीत बरोबर 29,000 फूट आले, पण एवढा गोळाबेरीज आकडा लोकांना अंदाजपंचे वाटेल म्हणून वरचे दोन फूट पदरचे घातले, असे सांगतात. आणि ही गोष्ट खरी असो वा नसो, कारकुनी पेशाच्या माणसाला ती तत्काळ पटते. 1955 मध्ये भारताच्या सर्वेक्षण खात्याच्या नव्या मोजणीनुसार तो आकडा 29,028 झाला आणि मी तो मोठ्या उत्साहाने घरी जाहीर केला. तात्यांना हा आपल्या शिक्षणावर घेतलेला आक्षेप वाटला. "डोंगर कुठं वाढत असतो होय रे? कोणी तरी साहेब भत्ता काढून वर गेला असेल, आणि गेल्यासारखं काही तरी दाखवायला हवं म्हणून सव्वीस फूट वाढवून आला असेल," असा त्यांनी निकाल दिला. अखेरपर्यंत त्यांनी 29,002 ला धरून ठेवले होते. अलीकडे, 2020 च्या डिसेंबरात, नेपाळ आणि चीन यांनी मिळून तो आकडा 8,848.86 मीटर असा ठरविला, तेव्हा वाढलेले शहाऐंशी सेंटिमीटर ऐकून मीदेखील प्रथम भत्त्याचाच विचार केला. वंशाचे गुण जात नाहीत.

समोरच्या बिऱ्हाडात माझ्याच वयाचा एक मुलगा होता आणि त्याला पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही सारी मुखोद्गत होती. पाहुण्यांच्या दरबारात तो माझा प्रतिस्पर्धी मानला जाई. मी त्याला तुच्छ लेखत असे. त्याची आज तीन किराणा दुकाने आहेत, एवढे सांगून मी पुढे जातो.

माझे टोपणनाव याच काळात पडले. पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवर, साडेबारा हजार फुटांवर, टिटिकाका नावाचे सरोवर आहे. भूगोलाच्या मास्तरांनी वर्गात त्याचे नाव विचारले, आणि सगळ्या वर्गात मीच एकटा हात वर करून ओरडलो. वर्ग खदखदून हसला आणि त्या दिवसापासून मला माझ्या आईवडिलांखेरीज कोणीही बारशाच्या नावाने हाक मारलेली नाही. वयाच्या दहाव्या वर्षी काका झालेला मनुष्य माझ्याखेरीज दुसरा असेल असे वाटत नाही. हल्ली आमच्या इमारतीतली लहान मुले मला अदबीने 'टिटी काका' म्हणतात. माझे आडनाव टिटी असून मी वयाने काका आहे, असा त्यांचा समज आहे, आणि रेल्वेत तिकिटे तपासण्याची नोकरी मी केव्हा सोडली, असे त्यांच्यापैकी एकाने मला विचारलेही.

अशा रीतीने कीर्तीच्या शिखरावर असताना 1960 साल उजाडले. त्या एका वर्षात आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले. कोणत्याही देशाच्या स्वातंत्र्यावर रागावणे हे सभ्यतेला धरून नाही हे मी जाणतो, परंतु त्याची एक पद्धत असावी. 1 ऑगस्टला डाहोमे, 3 ला नायजर, 5 ला अप्पर व्होल्टा, 7 ला आयव्हरी कोस्ट, मग 11 ला चाड, 13 ला मध्य आफ्रिका, 15 ला काँगो आणि 17 ला गॅबन! आमच्या पेठेत नळाला पाणी यावे तसा एक दिवसाआड एक देश येत होता, आणि मी वही-पेन्सिलीचे भांडे घेऊन त्याखाली उभा होतो. बरे, ज्या काँगोने आपला 15 ऑगस्टचा मुहूर्त धरला, त्याच्या शेजारी दीड महिना आधीच दुसरा एक काँगो स्वतंत्र होऊन बसला होता. नावे दोघांचीही तीच. आणि दोघांच्या राजधान्या, लिओपोल्डव्हिल आणि ब्राझाव्हिल, एकाच नदीच्या दोन काठांवर समोरासमोर! पाहुण्यांनी 'काँगोची राजधानी?' असे विचारले की मी नम्रपणे 'कोणत्या काठची?' असे विचारी, आणि पाहुण्यांना वाटे की पोरगा वेळ काढतो आहे. एप्रिलमध्ये ब्राझीलने आपली राजधानी रिओहून उचलून रानात नेली होतीच. पाकिस्तानने तर आदल्या वर्षीच कराची सोडली होती आणि नवी राजधानी अजून बांधून व्हायची होती.

मी तात्यांकडे गाऱ्हाणे घेऊन गेलो. तेही त्या वर्षी माझ्याइतकेच त्रासलेले होते, कारण 1 मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले होते, आणि त्याचा आनंद त्यांनी पेढे वाटून व्यक्त केल्यावर दुसऱ्या दिवसापासून कचेरीतल्या छापील कागदांवरचे 'मुंबई राज्य' खोडून वर 'महाराष्ट्र' लिहिण्याचे काम त्यांच्याच टेबलावर आलेले होते. त्यांनी माझी सतरा देशांची यादी शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "स्वतंत्र व्हावं रे, जरूर व्हावं. पण तिमाहीच्या अखेरीस व्हावं."

तेथून पुढे ही घसरण थांबली नाही. 1966 मध्ये लिओपोल्डव्हिलचे किन्शासा झाले, 1975 मध्ये डाहोमेचे बेनिन झाले, 1982 मध्ये सॅलिसबरीचे हरारे झाले, आणि 1984 मध्ये अप्पर व्होल्टा जाऊन बुर्किना फासो आले. ज्या वागाडूगू शहराचे नाव उच्चारायला मला एक अख्खी दिवाळीची सुट्टी लागली होती, ते मात्र जसेच्या तसे राहिले, याबद्दल त्या नगरीच्या नागरिकांचा मी आजन्म ऋणी आहे.

माझ्या विद्येचा व्यवहारात उपयोग झाला नाही असे मात्र नाही. लग्नाच्या बैठकीत माझ्या मामांनी "आमच्या भाच्याला जगातल्या सगळ्या राजधान्या तोंडपाठ आहेत," असे जाहीर केले. भावी सासऱ्यांनी पानाला चुना लावता लावता विचारले, "आणि पगार?"

"तोही पाठ आहे," मामा म्हणाले, "त्याला काही कष्ट पडले नाहीत."

लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो. पहाटे पंचगंगेच्या देवळाशी उभे राहून, येथून कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्या निघतात, त्यांपैकी पहिल्या दोन आमच्या कऱ्हाडला समोरासमोर येऊन भेटतात, असे मी पत्नीस सविस्तर सांगत असता तिने कुडकुडत शालीची चौकशी केली. शाल खोलीवर राहिली होती. मी तिला धीर देण्यासाठी सांगितले की सैबेरियात वेरखोयान्स्क नावाचे गाव असून तेथे पारा शून्याखाली साठ अंशांच्याही पलीकडे गेलेला आहे.

"तिथले नवरे शाल विसरत नसतील," ती म्हणाली.

पुढे नोकरीनिमित्त पुण्यास आलो. विद्यापीठात भाच्याच्या गुणपत्रिकेची नक्कल काढण्यासाठी रांगेत उभा असताना माझ्या पुढे एक उंच आफ्रिकी विद्यार्थी उभा होता. आपण ज्यांची नावे आयुष्यभर म्हणत आलो त्या देशांपैकी एखादा देश सदेह, हातात अर्ज घेऊन, आपल्यापुढे उभा आहे, या कल्पनेने मला गहिवरून आले. कोणत्या देशाचे, असे मी विचारले. टांझानिया, तो म्हणाला. मग मला राहवेना. टांगानिका आणि झांझिबार मिळून 1964 साली झालेला देश, बंदर दार-एस-सलाम, किलिमांजारो 19,340 फूट, टांगानिकाचा घायपात, झांझिबारच्या लवंगा, असे सर्व मी एका दमात त्याच्या पुढ्यात ओतले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले. घरी कोणी तरी वडील माणूस मला असेच भिंतीशी उभे करून ऐकत असे, ते मला आठवले.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "हा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा?"

ते मला माहीत नव्हते. ते त्यानेच पुढे जाऊन शोधून काढले आणि परत येऊन मलाही सांगितले. मग सभ्यपणे त्याने माझे गाव विचारले. कऱ्हाड, मी म्हणालो.

"ते कशाची राजधानी?"

"तालुक्याची," मी म्हणालो, आणि त्याने तात्यांइतक्याच गंभीरपणे मान डोलावली.

आता या वयात माझे दार ठोठावणारा आश्रयदाता एकच उरला आहे. वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. ते रोज सकाळी वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवितात आणि अडले की गॅलरीतून खाली वाकून मला हाक मारतात. परवा त्यांनी विचारले, "टिटिकाका, दक्षिण अमेरिकेतला देश. तीन अक्षरी. शेवटी 'ग्वे'."

"पॅराग्वे," मी म्हणालो. "किंवा उरुग्वे."

"दोन्ही कसे बसतील? रकाने तीनच आहेत."

"दोन्हीही तीनच अक्षरांचे आहेत. मधलं अक्षर काय आहे?"

"ते उभ्या शब्दावरून येतं, आणि तो मला येत नाही. तुम्ही एक काय ते नक्की सांगा. ठाऊक नसेल तर तसं म्हणा, त्यात कमीपणा नाही."

मी पॅराग्वे म्हणालो. दुसऱ्या दिवशी उत्तर उरुग्वे छापून आले. त्यांनी रागावून काही म्हटले नाही. फक्त दोनांपैकी एक म्हणजे पन्नास टक्के, आणि एवढ्या तारणावर आमच्या बँकेने कोणाला कर्ज दिले नसते, एवढेच ते जिन्यात भेटल्यावर म्हणाले. तरीही काल सकाळी पुन्हा गॅलरीतून हाक आली.

"मादागास्करची राजधानी!"

"अंतानानारिव्हो!" मी दाढीचा साबण पुसण्यापूर्वीच ओरडलो. हे नाव माझ्या ठेवणीतले.

वर बोटाने रकाने मोजल्याचा अवधी गेला. "बसत नाही. सहा अक्षरं होतात. रकाने पाच आहेत."

कोडे रचणाऱ्या गृहस्थाच्या घरीही वाळवी लागलेला एखादा नकाशा टांगलेला असणार, हे माझ्या ध्यानात आले. फ्रेंच अमदानीतले त्या शहराचे नाव, जे आता कोणी घेत नाही आणि जे मी दिवेलागणीच्या वेळी रामरक्षेच्या चालीवर घोकले होते, ते मी सावकाश, एकेक अक्षर सुटे करून, वर पाठविले, "ता-ना-ना-रि-व्ह."

"बसलं!" वरून उत्तर आले, आणि क्षणभराने, "मग आधी ते भलतंच काय सांगत होतात?"